आडवी बाटली, उभी बाटली

लेकीच्या स्वयंपाकघरात ती बाटली सापडली तेव्हा मी साबुदाणा शोधत होते. कार्तिकी एकादशी होती आणि परदेशात आले म्हणून काही मी उपास सोडलेला नव्हता. स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवर हात घातला, पोह्यांचा डबा सरकवला, तर मागे एक चपटी, जाड काचेची बाटली उभी. आत काकवीच्या रंगाचं काहीतरी. आणि लेबलवर मोठ्या आकड्यांत १९८८.

१९८८ म्हणजे माझ्या लेकीचं जन्मसाल.

"आई, ती ब्रँडी आहे," मागून आवाज आला. मी वळून बघितलं. छत्तीस वर्षांची माझी लेक, दोन मुलांची आई, शाळेत कॉपी करताना सापडल्यासारखी उभी होती. "तीन वर्षं झाली. तुझा व्हिडिओ कॉल आला की ही फळी दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसायचे."

मैत्रिणींनो, ब्रँडीचं नंतर बघू, पण हे खिडकीकडे तोंड करून बसणं मला फार लागलं.

आता मला ओळखणाऱ्या म्हणतील, बाई, पोरगी घाबरणार नाही तर काय! मी तासगावकडची. द्राक्षांचा आमचा मुलूख. शाळेत मास्तरीण होते, आणि माझ्या माहेरच्या गावात दारूचं दुकान बंद करायला ज्या बायका उभ्या राहिल्या, त्यात मी पुढे होते. तुमच्यापैकी कित्येक जणींनी हे केलं असेल. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. गावातल्या एकूण बाईमतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. रात्री-रात्री घरोघर हिंडलो, धमक्या ऐकल्या, आणि बाटली आडवी केली. त्या दिवसापासून माझ्यासमोर 'बाटली' हा शब्दसुद्धा घरात कुणी सहज उच्चारत नसे.

एक सासूबाईंच्या कपाटातली बाटली तेवढी सोडून. ती 'औषधाची ब्रँडी'. सर्दी-पडशाला चमचाभर कोमट पाण्यातून, बाळंतिणीच्या पायाला चोळायला, आणि बाळाला खोकला झाला की बोटाचं टोक बुडवून चाटवायला. (हे शेवटचं आता कुणी करू नका बरं, कुठलेही डॉक्टर तुम्हाला ओरडतील.) त्या बाटलीला आम्ही कधी दारू म्हटलंच नाही.

तर तुलूजच्या त्या घरात दोन दिवस आम्ही मायलेकी जेवण, भांडी आणि नातवांचे मोजे एवढ्यावरच बोललो. तुलूज हे फ्रान्सच्या दक्षिणेकडचं शहर, एअरबसची विमानं बनतात ते. जावई विमानांच्याच कामात आहेत. शेवटी तेच म्हणाले, "आई, ही साधी ब्रँडी नाही. आर्मान्याक म्हणतात हिला. इथून दोन तासांवर होते, शेतकऱ्यांच्या घरी. पिऊ नका, पण एकदा बघून तर या."

द्राक्षवाल्याच्या लेकीला द्राक्षाची शेती बघायला बोलावलं की ती नाही कशी म्हणेल?

शनिवारी सकाळी निघालो. ओश नावाचं गाव मागे पडलं. हा सगळा गॅस्कनी प्रांत. थ्री मस्केटिअर्समधला तो दार्तान्यां इथलाच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतारावर द्राक्षबागा, पण आमच्यासारखा डोक्यावर मांडव नाही. कमरेएवढ्या वेली, तारेवर सरळ रांगेत बांधलेल्या. नोव्हेंबरात आपल्याकडे ऑक्टोबर छाटणी होऊन कोवळी लूस आलेली असते, इथे पानं पिवळी-तांबडी होऊन गळत होती. छाटणीही वर्षातून एकदाच, थंडीत. एका वेलीवर तोडणीत राहून गेलेला घड दिसला. मी मणी तोंडात टाकला. आंबट! आणि बी. आमच्या तास-ए-गणेशपुढे हे द्राक्ष बाजारात कुणी हातात धरणार नाही.

"आंबटच लागतं," मालकीणबाई हसून म्हणाल्या. लेक मध्ये उभी राहून फ्रेंचचं मराठी करत होती. उन्यी ब्लां, बाको, फॉल ब्लांश अशी या पांढऱ्या द्राक्षांची नावं. त्यांची वाइन आंबट आणि हलकी होते, पिण्यात मजा नाही, पण उकळून तिचा अर्क काढायचा तर अशीच हवी. आंबटपणामुळे ती थंडीत टिकते, आणि हलकी असल्यामुळे अर्कात द्राक्षाचा वास घट्ट उतरतो.

आणि मग मी भट्टी बघितली.

भट्टी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ओढ्याकाठचे पत्र्याचे डबे आणि नवसागराचा वास येतो. इथे तांब्याचं लखलखीत यंत्र, दोन माणसं उंच, खाली लाकडं पेटलेली. ते मालकीणबाईंचं नव्हतंच. आपल्याकडे मळणीयंत्र जसं या शिवारातून त्या शिवारात जातं, तशी ही भट्टी चाकांवर गावोगाव फिरते. ज्याची पाळी त्याच्या अंगणात रात्रंदिवस चालते, शेजारी जेवायला येतात, आणि दिलेल्या मुदतीत, ३१ मार्चच्या आत, सगळ्यांचं काम उरकावं लागतं. सरकारी हिशेब अगदी चोख. बहुतेक ठिकाणी वाइन एकदाच भट्टीतून जाते आणि साधारण ५२ ते ६० टक्के अल्कोहोलचा अर्क निघतो, पाण्यासारखा स्वच्छ. काकवीचा रंग येतो तो नंतर, लाकडातून.

त्याच फ्रान्सात वर बोर्दोच्या उत्तरेला कोन्याक होते, तीही ब्रँडीच आणि तिचं नाव जास्त मोठं. ती दोनदा उकळतात, आणि निरनिराळ्या वर्षांचे अर्क मिसळून दरवर्षी एकसारखी चव आणतात. म्हणून तिच्या बाटलीवर साल क्वचित, व्ही.एस.ओ.पी. किंवा एक्स.ओ. अशी अक्षरं जास्त. व्ही.एस.ओ.पी. म्हणजे मिश्रणातला सगळ्यात कोवळा अर्कसुद्धा चार वर्षं लाकडात राहिलेला. एक्स.ओ. म्हणजे दहा वर्षं. २०१८ पर्यंत हीच अट सहा वर्षांची होती. या मिसळण्याच्या कामाला फार तयार नाक लागतं. एवढी शतकं ती नाकं पुरुषांचीच होती. २००३ साली रेमी मार्तां या मोठ्या घराण्यात पिएरेत त्रिशे ही बाई मुख्य कोठीप्रमुख झाली आणि २०१४ पर्यंत तिनं ते सांभाळलं. फोडणी जळायच्या आधी दुसऱ्या खोलीतून ओळखणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आर्मान्याकचं मात्र एकेका सालाचं वेगळं पिंप असतं. १९८८ लिहिलं असेल तर त्यातली सगळी द्राक्षं त्याच सालची, आणि साल लिहायचं तर निदान दहा वर्षं लाकडात काढलेली असावी लागतात. म्हणूनच इकडे जन्मसालाची बाटली भेट देतात. जावयांनी लेकीला तिच्या वाढदिवसाला दिली होती.

कोठी अंधारी, मातीच्या जमिनीची, थंडगार. भिंती आणि कौलं काजळी धरल्यासारखी काळी. मला वाटलं, आग लागली होती की काय. पण ती बुरशी. पिंपातून जो अर्क दरवर्षी हवेत उडतो, त्याच्या वाफेवर ती वाढते. या उडून जाणाऱ्या भागाला इथले लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात, वर्षाला दोन-तीन टक्के. मास्तरीणबाईंनी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला. चारशे लिटरचं ओकच्या लाकडाचं पिंप, अडीच टक्के दराने सव्वीस वर्षं. जवळजवळ निम्मं गेलं! जे उरतं त्यात लाकूड मुरलेलं, हवा मुरलेली, आधीचा झणझणीतपणा उतरलेला.

आपल्याकडच्या बऱ्याचशा ब्रँडीत काय असतं, हे उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको. साखर कारखान्याच्या मळीचं स्पिरिट, त्यात रंग, त्यात वास. सासूबाईंच्या कपाटातल्या बाटलीवर द्राक्षाचा घोस छापलेला होता, पण तिचा द्राक्षाशी संबंध बहुधा तेवढाच.

लाकडात किती काळ ठेवायचं हे मालकच ठरवतो. फार ठेवलं तर नुसतं लाकूडच चाखावं लागतं, अगदी कडवट. मग ते काढून मोठ्या काचेच्या फुग्यांत भरतात. काचेत गेलं की वय थांबलं. हे मला फार आवडलं. लेकीच्या बाटलीवर मागे बारीक अक्षरांत भरल्याचं वर्ष होतं, २०१४. म्हणजे ती ब्रँडी छत्तीस वर्षांची नव्हे, सव्वीसच. अजून पन्नास वर्षं कपाटात ठेवली तरी सव्वीसच राहणार. कुणी तुम्हाला शंभर वर्षांची जुनी बाटली म्हणून कौतुकानं दाखवली, तर विचारा, त्यातली पिंपातली किती?

त्याच लेबलच्या कोपऱ्यात एक गरोदर बाईचं छोटं चित्र आणि त्यावर काट. फ्रान्समध्ये २००७ पासून प्रत्येक दारूच्या बाटलीवर ही सूचना लागते. बाळंतिणीची ब्रँडी आठवून मी गप्प बसले. तसं औषधाचं खूळ त्यांच्याकडेही जुनंच. १३१० साली याच भागातल्या एओझ गावच्या मठातल्या व्हिताल द्यु फूर या धर्मगुरूनं या अर्काचे चाळीस गुण लिहून ठेवले होते. आज जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दारूचं निर्धोक असं माप नाही, थेंबापासूनच धोका सुरू. २०२३ साली त्यांनी ते स्पष्ट सांगितलं. मालकीणबाईंनीही यावर वाद घातला नाही.

"बाटली घरी कशी ठेवता?" त्यांनी लेकीला विचारलं. "उभीच ठेवायची हं. वाइन आडवी ठेवतात, ही आडवी ठेवली तर आतला अर्क बूच खातो."

लेकीनं याचं भाषांतर केलं आणि माझ्याकडे बघून तिला हसू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. मलाही हसू आलं. आडवी बाटली म्हणून मी गाव जागवलं आणि सात समुद्रापलीकडे ही बाई मला उभीच ठेवा म्हणून बजावतेय!

त्या हसण्यात मी सैल झाले असणार. कारण मी बोलून गेले, "तिला विचार, तुमच्या घरात माझ्या वडिलांसारखं कुणी यापायी गेलं का?"

लेकीनं तोंड उघडलं आणि मिटलं. "आई, 'माझ्या वडिलांसारखं' म्हणजे?"

आबा काविळीनं गेले आणि बाग दुष्काळात गेली, एवढंच तिला माहीत होतं. तिलाच काय, गावाबाहेर कुणालाच मी दुसरं काही सांगितलं नव्हतं. आंदोलनात भाषणं केली तीसुद्धा दुसऱ्यांच्या संसाराबद्दल. म्हणजे तिनं तीन वर्षं एक बाटली लपवली, आणि मी तीसेक वर्षं.

"तिला विचार आधी," मी म्हटलं. "मग सांगते."

तिनं विचारलं. तिचा आवाज जरा हलला. मालकीणबाईंनी हात अॅप्रनला पुसले. म्हणाल्या, "हो, माझे काका. याच पिंपांतलं. त्यानंतर आजोबांनी कोठीची किल्ली आजीकडे दिली. आजीनं आईला, आईनं मला." आणि खिशातली किल्ली काढून दाखवली. आमच्याकडे त्या वेळी किल्ली बायकांच्या हातात असती तर, असं मनात आलं. पण हातभट्टीला कुठली किल्ली!

मग त्यांनी तीन छोटे ग्लास मांडले. सिनेमातला व्हिलन हातात घोळवतो तो घोटीव फुगीर ग्लास नव्हे. त्यातून म्हणे अल्कोहोलच आधी नाकात घुसतं, बाकीचं काही कळत नाही. हे ग्लास लहान, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते, एखाद्या मिटत्या कळीसारखे. प्रत्येकात जेमतेम दोन चमचे. ज्योतीवर गरम करायचं नाही, बर्फ नाही, पाणी नाही. ओतल्यावर निदान दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. चाखणारे लोक तोंडात फिरवून थुंकून टाकतात. त्यासाठी चक्क एक पातेलं ठेवलेलं होतं. थुंकायची सोय बघून मला जरा धीर आला.

"लगेच नाक खुपसू नका," त्या म्हणाल्या. "ग्लास छातीशी धरा. मग हनुवटीपाशी. मग नाकापाशी."

मी मास्तरीण, पण कुणी शिकवलं तर ऐकत नाही. एकदम नाकाशी नेला. आणि सरळ आबा आले. रात्री अकराला दारात उभे, आईनं कंदील वर धरलेला, तोच डोक्यात जाणारा वास. मी ग्लास खाली ठेवला. लेकीनं पाठीवर हात ठेवला, काही बोलली नाही.

पाच-सात मिनिटांनी, सांगितल्याप्रमाणे, छातीशी धरला. या वेळी आलं ते निराळंच. आधी गूळ, नुकता काहिलीतून काढलेला. मग सुक्या संत्र्याच्या सालीसारखं. हनुवटीपाशी आणला तेव्हा दालचिनी आणि जुनी शिसवी पेटी उघडल्याचा वास. त्याखाली अक्रोड, ओलसर माती, किंचित कढवलेल्या जुन्या लोण्यासारखं काही. याला ते लोक 'रांसिओ' म्हणतात आणि यासाठीच जुन्या ब्रँडीला जीव टाकतात. कोवळ्या ब्रँडीत तो नसतो, लाकडात वर्षानुवर्षं काढल्याशिवाय येत नाही. आपण नाही का मुरलेल्या लोणच्याची बरणी उघडून नुसता वास घेत राहत!

आणि नाकापाशी आणला तेव्हा बेदाणा.

बेदाणाच. दुकानातल्या पुडीतला नव्हे, शेडमधला. मार्च-एप्रिलच्या उन्हात जाळ्यांवर थरांनी पसरलेली द्राक्षं आठ-दहा दिवसांत आकसत जातात, तेव्हा शेडभर जो गोडसर, ऊबदार वास भरतो ना, तो. १९८९ साली लेक सहा महिन्यांची होती आणि मी माहेरी होते. आबांनी स्वतः शेडच्या वाशाला झोळी बांधली होती. जाळीवरचा बेदाणा परतायचा आणि येता-जाता झोळीला झोका द्यायचा, असं त्यांचं चाललेलं. त्या हंगामात ते प्यायले नाहीत. दोन वर्षांनी बाग विकली.

मी एक थेंब घेतला. जिभेच्या टोकाला चटका बसला, मग तो पसरला आणि गोड झाला. वर साखर घातलेली नसूनही गोड. आणि संपला असं वाटलं तरी संपेना, बराच वेळ घशाशी राहिला. पातेल्यात थुंकायचं राहूनच गेलं. एकादशी होऊन गेली होती, एवढंच बरं.

परत येताना गाडीत मी लेकीला सगळं सांगितलं. आबांची बाग किती एकर होती, पहिला एकर कधी गेला, आईनं पाटल्या कुणाकडे ठेवल्या, आणि काविळीच्या आधी दवाखान्यात काय काय झालं. जावई गाडी चालवत होते, त्यांनी रेडिओ बंद केला. मध्येच लेक म्हणाली, "आणि झोळी? ती खरंच आजोबांनी बांधली होती?" बाकीच्या गोष्टींपेक्षा तिला तेच पुन्हा ऐकायचं होतं. मी पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी लिहून दिल्याप्रमाणे आम्ही सफरचंदाचा गॅस्कन पाय केला. कागदासारख्या पातळ पोळ्या, त्यांना लोणी, मध्ये सफरचंदं, आणि वर चमचाभर आर्मान्याक शिंपडायची. भट्टीत सगळं अल्कोहोल उडतं असं लोक म्हणतात, तसं नाही, थोडं राहतं. म्हणून मुलांच्या वाटणीचा वेगळा, संत्र्याचा रस घालून केला. पोळ्या लाटायला मात्र माझ्यासारखी तिथे कुणी नव्हती.

मी जानेवारीत परत आले. दुकानाविरुद्ध पुन्हा अर्ज करायची वेळ आलीच तर पहिली सही माझी असेल, आणि शिक्का आडव्यावरच. मैत्रिणींना बेदाण्याच्या वासाचं सांगितलं तर दोघी हसल्या, एक जण रागावली. तिचं मला पटलं.

परवा व्हिडिओ कॉलवर लेक खिडकीकडे पाठ करून बसली होती. मागे फळी दिसत होती, पोह्यांचा डबा मागे आणि बाटली पुढे, उभी. बोलता बोलता ती कितपत उतरलीय ते मी बघून घेतलं. बोटभरही नाही.